दातांचा दाखला

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे, अंगाने सडपातळ, रंग सावळा, चेहरा उभट, नाक सरळ, केस काळे व बारीक, अंगात निळा हाफ शर्ट.’ पोलीस ठाण्यांच्या फलकांवर लागणाऱ्या शोधपत्रिकांचा मजकूर साधारण याच धर्तीचा असतो. शेजारी काळपट फोटो, खाली तपासी अंमलदाराचे नाव. हे वर्णन माणूस नुकताच गेला असेल तेव्हा कामाला येते. मृतदेह खाडीच्या पाण्यात चार-सहा दिवस राहिला की चेहरा फुगतो, रंग काळाहिरवा होतो, हातांची कातडी सुटून येते, नाकाची ठेवण ओळखू येत नाही. शर्ट तर कोणाचाही असू शकतो. फलकावरचे सगळे शब्द जिथे निकामी होतात, तिथे कवटी आणि दात हे दोनच साक्षीदार हाती उरतात.

इंद्रलोक ही भाईंदर पूर्वेची दाट वस्ती. एकाला एक लागून इमारती, तळमजल्यावर दुकाने, मधूनमधून दंतवैद्यांच्या पाट्या. वस्ती संपली की मिठागरे, तिवरांची झाडी आणि वसईची खाडी. लोकलच्या रुळांवरचे अपघात आणि खाडीकाठी लागलेले देह या टापूतल्या पोलिसांना नवे नाहीत. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले, त्यातला एक मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या दरम्यान झाला. त्या रात्री रुग्णालयांतून हिंडणाऱ्या नातेवाइकांना जे पाहावे लागले, ते आठवले की मृताची ओळख ही पोलिसांच्या कागदपत्रांपुरती बाब नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. ओळख पटल्याशिवाय घरच्यांच्या हातून अंत्यसंस्कार नाही, मृत्यूचा दाखला नाही, विमा नाही, वारसाहक्क नाही. आणि घातपात असेल तर तपासाचे पहिले पाऊलच पडत नाही. मेलेला कोण हे कळल्याशिवाय मारणारा कोण हे शोधायचे कुठून?

दात इतके टिकतात कसे, याचे उत्तर इनॅमलमध्ये आहे. शरीरातला हा सर्वात कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. माती, पाणी, जंतू यांचे त्याच्यापुढे फारसे चालत नाही. आगीत समोरचे पटाशीचे दात लवकर तडकतात, पण मागच्या दाढांना गाल आणि जीभ बराच वेळ आडोसा देतात. दहनानंतर अस्थी सावडायला गेलेल्यांनी राखेतून दात वेचलेले असतात, त्यांना हे पुस्तकातून कळावे लागत नाही. दाढेच्या मुळांच्या आत, गराच्या पोकळीत, पेशी बंदिस्त असतात आणि म्हणूनच जुन्या सांगाड्यातून डीएनए काढायचा तर प्रयोगशाळेतील माणसे बहुधा शाबूत दाढ मागतात.

इनॅमलचा दुसरा गुण तपासाच्या दृष्टीने आणखी मोलाचा. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरत राहते. इनॅमल एकदा तयार झाले की त्यात भर पडत नाही. त्यामुळे बालपणीच्या पाण्याची, आजारपणाची, उपासमारीची नोंद त्यात कायमची गोठून राहते. यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या ज्या गावांत विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी, खडबडीत डाग येतात. तो माणूस पुढे चाळीस वर्षे भाईंदरमध्ये राहिला तरी ते डाग जात नाहीत. वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या बाईचे दात, तंबाखू एकाच गालात धरणाऱ्याची दाढ, ओठांत सुया-दोरा धरून दोरा दातांनीच तोडणाऱ्या शिंप्याच्या पटाशीला पडलेली बारीक खाच, या सगळ्या खुणा पाहणाऱ्याला काही ना काही सांगतात.

वयाचा अंदाज लहान मुलांच्या बाबतीत फार नेमका येतो. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुसरी बाराव्या, अक्कलदाढ सतराव्या वर्षानंतर कधीतरी. पण हिरडीतून वर येण्याच्या कितीतरी आधी दात जबड्यात घडत असतो. आधी शिखराचे टोक, मग पूर्ण शिखर, मग मूळ. एक्स-रेमध्ये कोणता दात कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहिले की दोन वर्षांचे मूल आणि तीन वर्षांचे मूल यांतला फरक कळतो. जन्माच्या वेळी तर दुधाच्या दातांच्या इनॅमलमध्ये एक सूक्ष्म रेषाच उमटते. गर्भाशयातून बाहेर येण्याचा धक्का बसल्याची ती खूण. ती रेषा आहे की नाही, यावरून अर्भक जन्मानंतर काही दिवस जगले होते का, या कोर्टातल्या अवघड प्रश्नाला आधार मिळतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. लहान मुलांना मातीच्या कुंभात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरलेले होते. त्या कोवळ्या हाडांचा बराचसा भुगा झालेला; टिकले ते जबड्याचे तुकडे आणि दातांची अर्धवट घडलेली शिखरे. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन दंतमानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी त्या सांगाड्यांचा आणि दातांचा तपशीलवार अभ्यास केला. कोणते मूल किती महिन्यांचे होऊन गेले, कोणाच्या दातांना कीड होती, कोणाच्या इनॅमलवर कुपोषणाच्या किंवा तापाच्या आडव्या रेघा होत्या, हे त्यातून वाचता आले. गुन्हे अन्वेषणात वापरतात तीच ही विद्या. फक्त इथे कोणी कोर्टात उभे राहायचे नव्हते.

प्रौढांचे वय मात्र चकवते. दाताची झीज, हिरडीची उतरण, मुळाच्या टोकाकडून वाढत जाणारा पारदर्शकपणा अशा सहा बदलांवरून वय काढण्याची पद्धत स्वीडनच्या गोस्ता गुस्ताफसन यांनी १९५० मध्ये मांडली. तिच्यात पाच-दहा वर्षांची चूक सहज होते, आणि भाकरीत जात्याची कच खाणाऱ्या पिढीला तीच मोजपट्टी लावली तर आणखी. २००५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी वेगळीच वाट शोधली. १९५५ ते १९६३ या काळातल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर उतरत गेला. दात घडताना हवेतले प्रमाण किती होते ते इनॅमलमध्ये अडकून राहते. ते मोजले की जन्मसाल सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकाने सांगता येते.

हे सगळे झाले तरी दात एवढेच सांगतो की हा माणूस कसा होता. तो कोण होता हे सांगायला दुसरा कागद लागतो, जिवंतपणी केलेला. या विद्येचा सगळा जीव त्या कागदात आहे.

तुलना कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. जगात बहुतेक ठिकाणी प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक असतो. वरच्या उजव्या बाजूची पहिली दाढ १६, खालच्या डाव्या बाजूची पहिली दाढ ३६. बत्तीस दात, प्रत्येकाच्या पाच बाजू, म्हणजे नोंद करण्याजोगे १६० पृष्ठभाग. कोणत्या बाजूला चांदी भरलेली, कुठे सिमेंट, कुठे कॅप, कुठे रूट कॅनाल, कोणता दात काढलेला, कोणता वळून उगवलेला. मृताचा तक्ता आणि दंतवैद्याकडचा तक्ता शेजारी ठेवतात. आता समजा, दवाखान्याच्या कार्डावर ३६ क्रमांकाची दाढ शाबूत आहे आणि कवटीत ती नाही. हरकत नाही, नंतर काढली असेल. पण कार्डावर ती २०१८ साली काढल्याची नोंद आहे आणि कवटीत मात्र ती जागच्या जागी आहे, तर विषय तिथेच मिटला. हा माणूस तो नव्हे. बाकी कितीही गोष्टी जुळोत, असा एक विरोध पुरतो. आणि सगळ्यांत भक्कम पुरावा एक्स-रेचा. भरलेल्या सिमेंटची कडा, मुळाचा बाक, रूट कॅनालच्या भरावाचे टोक मुळाच्या किती आत थांबले आहे, या आकृती दोन माणसांत सारख्या निघणे जवळपास अशक्य असते.

पॅरिसमध्ये ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजाराच्या मंडपाला आग लागून १२६ माणसे गेली, त्यात बहुतेक खानदानी घरांतल्या स्त्रिया. देह इतके जळाले होते की दागिन्यांवरून, कपड्यांच्या तुकड्यांवरून जे ओळखता आले ते आले. बाकीच्यांसाठी त्यांच्या दंतवैद्यांना बोलावण्यात आले. आलाँसोंच्या डचेसची ओळख अशीच पटली. ऑस्कर आमोएदो या क्यूबातून आलेल्या दंतवैद्याने त्या अनुभवावर पुढच्याच वर्षी ग्रंथ लिहिला आणि न्यायवैद्यक दंतशास्त्राला शास्त्राची बैठक मिळाली. कल्पना मात्र फार जुनी. बाराव्या शतकाच्या अखेरीस चंदावरच्या लढाईत पडलेला कनौजचा राजा जयचंद सोन्याच्या तारेने बांधलेल्या दातांवरून ओळखला गेला, अशी नोंद अरब इतिहासकार इब्न अल-अथीर याने केली आहे.

मराठी माणसाला या प्रश्नाची धग कळण्यासाठी पानिपत पुरे. जानेवारी १७६१ मध्ये रणांगणावर शिर नसलेले एक धड सापडले. ते सदाशिवरावभाऊंचे, हे कसे ठरवले याची हकिकत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवली आहे. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाने केलेल्या कट्यारीच्या वाराचा व्रण आणि पायावर शुभ मानली जाणारी रेषा, या तीन खुणांवरून भाऊंना ओळखणाऱ्यांनी ते धड त्यांचेच असल्याचे सांगितले. पुढे शिरही हाती आले. आजच्या न्यायवैद्यकाच्या दृष्टीने ही पडताळणी कमी दर्जाची नाही. मृताला जिवंतपणी जाणणाऱ्यांनी ठरावीक खुणांवरून देह ताडून पाहिला. तरी पुण्यात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंचा विश्वास बसला नाही. भाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड माजवले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाल्यावरच प्रकरण मिटले. पंधरा वर्षे एका राज्याला या संशयाने छळले. घरच्या माणसाला पटेल आणि दरबारात टिकेल असा पुरावा हाती नसला की काय होते, याचे आपल्या इतिहासात याहून ठळक उदाहरण नाही.

कवटीचे काम दातांहून थोडे सैल आहे. पुरुषाच्या कवटीत भुवयांवरचा उंचवटा ठळक, कानामागचे हाड मोठे, मानेचे स्नायू जिथे धरतात ती कड खडबडीत, हनुवटी रुंद. स्त्रीच्या कवटीत कपाळ उभे आणि डोळ्यांच्या खोबणीची कड धारदार. अनुभवी माणूस पूर्ण कवटीवरून दहापैकी आठ-नऊ वेळा लिंग बरोबर सांगतो. कमरेचे हाड मिळाले तर खात्री त्याहून वाढते. वाढत्या वयाच्या मुलांत मात्र या खुणा उमटलेल्याच नसतात.

कवटीवरून ‘वंश’ सांगण्याचा नाद एके काळी युरोपात जोरात होता. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक वंशाशी, आणि पर्यायाने बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी जोडलेला असतो, असा फिशर यांचा दावा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच गुरूच्या सिद्धान्ताविरुद्ध पंचविशीच्या आतबाहेरच्या मराठी मुलीने हे लिहिले, हे धैर्य विसरण्याजोगे नाही. त्याच इरावतीबाईंनी पुढे डेक्कन कॉलेजात मानवशास्त्राचा पाया घातला.

कवटी काय सांगते आणि काय नाही, याचा धडा रूपकुंडनेही दिला. उत्तराखंडात पाच हजार मीटर उंचीवरच्या त्या तळ्याकाठी शेकडो माणसांची हाडे विखुरलेली आहेत. वाळिंबे यांनी तिथल्या कवट्या पाहिल्या तेव्हा वरून काहीतरी गोल, जड पडल्याच्या खोलगट भेगा त्यांना दिसल्या. शस्त्राचे वार नव्हते. मोठ्या गारांचा मारा, हा निष्कर्ष त्यातून निघाला. २०१९ मध्ये ३८ जणांचा डीएनए तपासला गेला, तेव्हा त्यातले १४ जण थेट पूर्व भूमध्य प्रदेशातले निघाले आणि सगळे एकाच वेळी मेले नव्हते हेही कळले. ही गोष्ट नुसत्या कवटीवरून कोणाला सांगता आली नसती.

कवटी आणि फोटो एकावर एक ठेवून ताडण्याची पद्धत गाजली ती १९३५ च्या रक्स्टन खून प्रकरणात. स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळ दोन स्त्रियांचे तुकडे सापडले. मारणाऱ्याने ओळख पटू नये म्हणून दातही उपटले होते. ग्लासगो आणि एडिनबराच्या प्राध्यापकांनी कवटीचा फोटो स्त्रीच्या जुन्या फोटोवर त्याच कोनातून बसवला. आज हे काम संगणकावर होते, पण मर्यादा तीच. कवटी जुळली नाही तर ‘ही ती नव्हे’ हे ठामपणे म्हणता येते. जुळली तर फक्त ‘ही ती असू शकते’. फोटोत माणूस हसत असेल आणि समोरचे दात दिसत असतील, तर ताडणी कितीतरी भरवशाची होते.

महाराष्ट्रात ही पद्धत घराघरांत पोचली ती रायगड जिल्ह्यातील गागोद्यामुळे. मे २०१२ मध्ये गावाजवळच्या झाडीत जळालेले मानवी अवशेष सापडले. काही हाडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेली, उरलेले तिथेच पुरले, आणि तीन वर्षे कोणी विचारले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी जागा पुन्हा उकरली. कवटी आणि एका तरुणीचा फोटो यांची डिजिटल ताडणी झाली, कलिन्याच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला आणि अवशेष तिचेच असल्याचे तपास यंत्रणेने न्यायालयात मांडले. खटला चालू असतानाच २०२४ मध्ये सरकारी पक्षाने सांगितले की २०१२ सालची हाडे सापडत नाहीत. पुढे ती सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात मिळाली. हाड हजारो वर्षे टिकते, पण त्याला लावलेली चिठ्ठी, मोहोर आणि नोंदवहीतली ओळ माणसांनी जपावी लागते. ती साखळी तुटली की उत्तम शास्त्रही कोर्टात लंगडे पडते.

खाडीपलीकडची गोष्ट तर अलीकडची. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्याच आयुक्तालयाच्या माणिकपूर ठाण्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये एका वडिलांनी मुलगी हरवल्याची तक्रार दिली. धागा दिल्लीत मेहरौलीपर्यंत गेला. तिथल्या जंगलातून गोळा केलेल्या हाडांत जबड्याचा भागही होता, आणि रूट कॅनाल झालेला दात दिसतो का, म्हणून पोलिसांनी दंतवैद्याचा सल्ला घेतल्याच्या बातम्या आल्या. दंतवैद्याला अर्थातच जुना एक्स-रे हवा होता. अखेर वडिलांच्या रक्ताशी हाडांचा डीएनए जुळला आणि ओळख पक्की झाली.

मग डीएनए असताना दात कशाला, असे कोणी विचारेल. इंटरपोल आपत्तीतल्या मृतांच्या ओळखीसाठी तीन प्रमुख मार्ग मानते: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. ठसे आपल्याकडे आधारच्या भांडारात कोट्यवधींचे आहेत, पण कायद्याने ते अशा तपासासाठी देता येत नाहीत. डीएनएला जवळचा रक्ताचा नातेवाईक लागतो, प्रयोगशाळेत रांग लागते. दातांचा तक्ता हाताशी असेल तर तुलना काही तासांत होते. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत ज्या परदेशी पर्यटकांची ओळख पटली, त्यांतले बहुसंख्य दातांवरूनच ओळखले गेले, कारण त्यांच्या देशांतून दंतवैद्यांच्या फायली आल्या. स्थानिकांच्या बाबतीत अशा फायली फारशा नव्हत्याच. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून २६० माणसे गेली, त्यात डोंबिवली आणि बदलापूरच्या घरांतलीही होती. तिथल्या सरकारी दंत महाविद्यालयातील डॉ. जयशंकर पिल्ले यांनी जळालेल्या १३५ मृतांच्या दातांच्या नोंदी तयार केल्या. बहुतेकांची ओळख शेवटी डीएनएने लागली. नातेवाइकांना त्यासाठी काही दिवस रुग्णालयाच्या आवारात बसावे लागले.

एक इशारा इथेच द्यायला हवा. दातांवरून मृत ओळखणे आणि चाव्याच्या वळावरून गुन्हेगार ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचा ताणते, सुजते, आकार बदलते. चाव्याच्या खुणांच्या आधारावर अमेरिकेत निरपराध माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली, आणि तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२२ मध्ये या तंत्राला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे नोंदवले. पहिल्या विद्येचा लौकिक दुसरीला उसना देणे घातक आहे.

राहतो प्रश्न इंद्रलोकच्या पाट्यांमागच्या दवाखान्यांचा. दात दुखला की दाखवायचा, काढायचा किंवा भरायचा, पैसे द्यायचे आणि निघायचे, अशीच आपली रीत. कार्डावर ‘दाढ काढली’ एवढेच लिहिलेले असते. कोणती, ते नसते. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला तर फिल्म पेशंटच्या हाती जाते आणि घर बदलताना रद्दीत. आता एक्स-रे बहुतेक ठिकाणी संगणकावरच निघतो, त्यामुळे क्रमांकासह तक्ता आणि प्रतिमा दहा-पंधरा वर्षे जपणे दंतवैद्यांना अवघड राहिलेले नाही. घरच्यांनीही हरवल्याची तक्रार देताना पासपोर्ट फोटोबरोबर दात दिसतील असा हसरा फोटो द्यावा, दंतवैद्याचे नाव सांगावे, तारा लावण्यापूर्वी घेतलेला दातांचा प्लास्टरचा ठसा कपाटात असेल तर तो काढून द्यावा. पोलिसांनीही तक्रार लिहून घेताना दातांविषयी आपणहून विचारायला हवे.

वृद्धांच्या बाबतीत तर उपाय आणखी सोपा आहे. स्मृतिभ्रंशाने घराबाहेर पडून वाट चुकलेल्या आजोबांना आपले नावही सांगता येत नसते, पण तोंडात कवळी असते. कवळी तयार करणाऱ्या प्रयोगशाळेने तिच्या गालाकडच्या बाजूला बारीक खाच पाडायची, नाव आणि फोन क्रमांक छापलेली पातळ पट्टी त्यात बसवायची आणि वरून पारदर्शक ॲक्रिलिकचा थर देऊन घासून गुळगुळीत करायचे. पाच-दहा मिनिटांचे काम. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कवळीवर अशी ओळख घालण्याविषयी कायदे आहेत. आपल्याकडे नाहीत, पण कवळीचे माप द्यायला गेलेल्या मुलाने किंवा सुनेने दंतवैद्याला एवढे सांगितले, तर ते करून मिळायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.